‘पारंपरिक’ असं मी लिहिलं होतं

आई माझी गाणी मुद्दाम कधी ऐकत नाही. घरात वाजत असतील तर कानावर पडतात तेवढीच. म्हणून त्या दिवशी सकाळी ती फोन हातात धरून माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि फोनमधून माझंच गाणं यायला लागलं, तेव्हा मला आनंद झाला हो. अगदी बावळटासारखा आनंद झाला. पस्तिशी ओलांडलेला घोडा मी, आणि आईनं आपलं गाणं लावलं म्हणून गालातल्या गालात हसतोय.

“हा आवाज कुणाचा?” तिनं विचारलं.

“ओळखलास ना? बघ, किती साफ केलाय. पंख्याची घरघर सगळी काढून टाकली.”

ती गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली. माझी आई चिडली की तिचा आवाज कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जातो. मोर्चात तिला माइक लागत नाही. ती गप्प राहिली की समजावं, काहीतरी भलतंच झालंय.

“गाण्याखाली काय लिहिलंयस? वाच.”

मी वाचलं. संगीत, माझं नाव. संयोजन, माझं नाव. गीत आणि मूळ चाल, पारंपरिक.

“पारंपरिक?” आई म्हणाली. “अरे, ती बाई जिवंत आहे अजून.”

एवढं बोलून तिनं फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि पायात चपला सरकवल्या. “हर्सूलला जायचंय. गाडी काढ.”

कुणाचा आवाज आणि हर्सूलला कशाला, हे सांगायचं तर आमच्या घराबद्दल सांगायला लागेल. टीव्ही सेंटरच्या मागं आमच्या दोन खोल्या. त्यातली पुढची खोली आमची कधी नव्हतीच, ती बायांची. नवऱ्यानं मारलेल्या, सासरच्यांनी रात्रीतून बाहेर काढलेल्या, मुकादमाच्या तावडीतून सुटलेल्या. सिल्लोड, कन्नड, गंगापूर, कुठून कुठून यायच्या. आई सकाळी बालवाडीत शिकवायची आणि उरलेला दिवस या बायांचा. त्यांच्या बरोबर पोलीस ठाण्यात जायची, वकिलाकडं जायची, वेळ आली तर नवऱ्याच्या दारात जाऊन बसायची. धमक्या तर तिला दुधाच्या पिशवीसारख्या नेमानं यायच्या.

तिची काम करायची एक पद्धत होती. अशी पद्धत मी दुसऱ्या कुठल्या कार्यकर्त्याकडं बघितली नाही. नवी बाई आली की ती “काय झालं?” असं विचारायचीच नाही. चहा द्यायची, टेपरेकॉर्डर पुढं ठेवायची आणि म्हणायची, “आधी एक गाणं म्हण. कुठलं बी म्हण. मग सांग.”

बाया चक्रावायच्या. “अहो ताई, इथं जीव जायची वेळ आलीय अन् गाणं काय म्हणायला लावता?”

आई ऐकायची नाही. तिचं म्हणणं असं, की घाबरलेली बाई तक्रार सांगायला लागली की ती सासूचं बोलते, नवऱ्याचं बोलते, जमादाराला काय आवडेल ते बोलते. गाणं म्हटलं की तिचा स्वतःचा आवाज तिला सापडतो. मग कुणी भीमगीत म्हणायची, कुणी हळदीचं, कुणी सिनेमातलं. एका म्हातारीनं तर दणदणीत कव्वाली म्हटली होती. आणि टेप सुरू करायच्या आधी आई प्रत्येकीला एक वाक्य सांगायची. “तुझा आवाज या खोलीबाहेर जाणार नाही. माझा शब्द आहे.”

मी गाणं त्या खोलीत शिकलो. पेटी नंतर आली, क्लास नंतर. लोक विचारतात, गुरू कोण? मी सांगतो, आई. लोकांना वाटतं बाई मोठ्या गायिका असतील. कसल्या गायिका, ती राष्ट्रगीतसुद्धा भाषणासारखं म्हणते. पण माझ्या कानात जे काही सूर आहेत ते त्या बायांचे, आणि त्या बाया आईच्या.

पुढं टेप जाऊन फोन आला. जुन्या कॅसेटांना बुरशी धरायला लागली, तेव्हा आई मला म्हणाली, “हे सगळं तुझ्या कॉम्प्युटरात नीट घालून ठेव. तुझ्याशिवाय कुणाला देणार?” मी घालून ठेवलं. फोनवरची रेकॉर्डिंगंही घातली. आणि घालता घालता ऐकत बसलो.

त्यात सहा वर्षांपूर्वीचं एक होतं. सिल्लोडकडच्या एका खेड्यातली बाई, मांडीवर चार वर्षांची पोरगी. पोरगी किरकिर करत होती, म्हणून बाईनं गाणं म्हणजे अंगाईच म्हटली.

निज गं माझ्या सरके, निज गं कापसात,
शेळी गेली बाजाराला, घुंगरू तिच्या पायात.

दोनच ओळी, परत परत. काय आवाज होता, काय सांगू! उन्हात वाळलेला, पण आत ओल. दहा वर्षं मी लग्नाच्या वाद्यवृंदात पेटी वाजवतोय, निवडणुकीची गाणी करून देतोय, आणि असं काही माझ्या हाताला लागलं नव्हतं. आठ दिवसांत मी त्याच्याभोवती गाणं बांधलं. खाली ढोलकी, मागं बासरी, मध्ये तिचा आवाज. तो कुणाचा, ती कुठं असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. खरं सांगतो, आलंच नाही. आणि गाणं चाललं. औरंगपुऱ्यात केशकर्तनालयात ऐकलं, रसवंतीवर ऐकलं. पोरीबाळी त्यावर नाचून व्हिडिओ टाकायला लागल्या. मी हवेत होतो.

आता स्कूटरवरून हर्सूलला चाललो होतो. आई मागं बसली होती, पण तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. मला राग यायला लागला. वाटलं, एवढं काय केलं मी? “आई, मी कुणाचं नाव घेतलंय का? गाव सांगितलंय का? कुणाला काय कळणारे?”

“सरकी म्हणजे काय?” आईनं मागून विचारलं.

“कापसातलं बी. कुणाला माहीत नाही?”

“सरकी म्हणजे तिची पोरगी. पांढरीधोप जन्मली म्हणून तिनं लाडानं ठेवलेलं नाव. ते गाणं तिनं स्वतः बांधलंय. असं पोरीला म्हणणारी एकच बाई आहे, आणि तिचा नवरा सहा वर्षांपासून तिला हुडकतोय. गावात सांगत फिरतो, जिथं सापडेल तिथं तोडीन म्हणून.”

समोर जेलची लांब भिंत होती, तिच्या कडेनं मी गाडी चालवत होतो. गाडी बाजूला घेतली. आई मागून उतरलीसुद्धा नाही. “चल,” म्हणाली, “थांबायला वेळ नाही.”

हर्सूलला गल्लीच्या टोकाला तिची खोली. पायरीवर दहा वर्षांची पोरगी शाळेच्या ड्रेसात दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. आत तिची आई चादरीत शिलाई मशीन बांधत होती. आईला बघून उठली. मला बघून पदर नीट केला आणि आधी काय केलं, तर पाण्याचा तांब्या पुढं केला. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मी तांब्या तसाच खाली ठेवला.

“आम्ही दोघी डेअरीवर गेलो होतो ताई, दूध आणाया,” ती सांगायला लागली. “तिथल्या पोराच्या मोबाइलात लागलं. मला आधी कळलंच नाय, कोण म्हणतंय. ही ओरडली की, ‘आई, तू! आई, तुझं गाणं!’ लई खूश झाली. चार माणसं वळून बघायला लागली. मी हिच्या तोंडावर हात ठेवला अन् तशीच घरी येऊन तुम्हाला फोन लावला.”

त्यानंतर तिच्या बहिणीचा फोन आला होता. सासरकडच्यांनीही गाणं ऐकलं होतं. दिरानं तर गाणं कुणी टाकलं, तो माणूस कुठला, हेसुद्धा काढलं होतं. ते काढणं अवघड नव्हतंच, मी हौसेनं माझं नाव आणि शहर दोन्ही लिहिलं होतं.

“आता ते तुमच्या दारात येतील,” ती म्हणाली, “अन् तिथून इथं. मी निघते ताई.”

मी तिथंच उभ्या उभ्या फोन काढला आणि गाणं पुसून टाकलं. “काढलं,” म्हणालो. “हे बघा, काढलं.” कुणीतरी शाबास म्हणेल अशा सुरात म्हणालो.

“दादा,” ती म्हणाली, “पण ते डेअरीवाल्याच्या मोबाइलात हाय की.”

तेव्हा मला पहिल्यांदा नीट उमगलं, की हे माझ्या हातात राहिलेलं नाही. हजारो लोकांच्या फोनमध्ये तो आवाज गेला होता. सहा वर्षं त्या बाईनं या खोलीत दबून, मान खाली घालून, शिवणकाम करून जे उभं केलं होतं, पोरगी पाचवीपर्यंत नेली होती, ते मी एका ढोलकीच्या ठेक्यावर उधळून टाकलं होतं. आणि वर पारंपरिक लिहिलं होतं. म्हणजे कुणाचंच नाही, उचला आणि न्या.

आईनं त्याच दिवशी दोघींना आपल्या ओळखीच्या एका बाईकडं हलवलं. आमच्या घरी ठेवणं शक्यच नव्हतं. दोन दिवसांनी दोन माणसं खरंच आमच्या दारात येऊन गेली. आई त्यांना काय म्हणाली ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. ती माणसं गेल्यावर आई माझ्याकडं वळली.

“रविवारी बैठकीला यायचं.”

“मी? मी कशाला?”

“ज्याच्याविरुद्ध तक्रार असते तो येतो. तुला काय शिंगं फुटलीत?”

बैठक म्हणजे त्या बायांची आठवड्याची पंचायत. यावेळी ती आमच्या घरी नव्हती, एका बाईच्या गच्चीवर होती. तिथला नियम जगावेगळा आहे. बाया खुर्च्यांवर बसतात, पुरुष खाली चटईवर. बाई बोलते तेव्हा पुरुषानं तोंड उघडायचं नाही. तिचं झालं की तिनं काय सांगितलं ते त्यानं तिच्याच शब्दांत परत सांगायचं. तिचे शब्द त्याच्या तोंडून नीट आले, की मगच त्याला स्वतःची बाजू मांडता येते. भल्या भल्या पैलवानांना तिथं घाम फुटतो असं मी ऐकून होतो. मला वाटलं, आपल्याला काय अवघड आहे? एकदा ऐकलेली चाल मी वर्षानं वाजवून दाखवतो.

मी चटईवर बसलो. ती बोलली. फार नाही, पाचेक मिनिटं. मग सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

मी म्हणालो, “यांचा आवाज मी न विचारता वापरला, त्यामुळं यांना खूप त्रास झाला, याची मला—”

“ए बाबा,” एक म्हातारी मध्येच म्हणाली, “ती असं बोलली का? ती बोलली ते सांग.”

मी परत सुरुवात केली. परत अडलो. तिसऱ्यांदा सुरुवात केली. मला शब्द आठवतच नव्हते. ती कुठं थांबली ते आठवत होतं. ‘शाळा’ म्हणताना आवाज किती वर गेला, कुठं श्वास तुटला, शेवटी कसा खाली बसला, सगळं. पेटी दिली असती तर वाजवून दाखवलं असतं. पण ती बोलली काय, याचं एक वाक्य माझ्याकडं नव्हतं. पाच मिनिटांपूर्वी, माझ्या समोर, माझ्याबद्दल बोललेलं!

आणि मग मला त्या रेकॉर्डिंगची लांबी आठवली. चाळीस मिनिटांचं होतं ते. मी सुरुवातीची दोन मिनिटं कापून घेतली होती. पुढची अडतीस मिनिटं मी ऐकलीच नव्हती. ऐकली असती तर नवरा कळला असता, धमकी कळली असती, सरकी कोण ते कळलं असतं. हिचीच नाही, एवढ्या कॅसेटा मी कॉम्प्युटरात भरल्या, त्यातल्या एकाही बाईचं गाण्यापुढचं बोलणं मी ऐकलं नव्हतं. माझा हात आपोआप थांबवायचं बटण दाबायचा. हे मी तिथं मोठ्यानं बोललो. कसा बोललो मला माहीत नाही, तोंडातून निघून गेलं.

पाण्याच्या टाकीपाशी उभी असलेली आई म्हणाली, “मीच.”

सगळ्यांनी वळून बघितलं.

“हा एवढासा होता,” ती म्हणाली. “बाईचं गाणं झालं की मी याला म्हणायचे, जा बाळा, बाहेर खेळ. दार लावून घ्यायचे. पुढचं याच्या कानावर जाऊ नये असं मला वाटायचं. रोज. दहा वर्षं. मीच उठवलंय याला.”

आईला पोलिसांसमोर मी बघितलंय, दगड घेऊन आलेल्या माणसासमोर बघितलंय. तिचा चेहरा असा पडलेला मी जन्मात बघितला नव्हता. ती बोलता बोलताच हादरली होती, तिलाही ते त्याच क्षणी कळत होतं. ती आली आणि माझ्या शेजारी चटईवर बसली. बायांची पळापळ झाली. “ताई, उठा, असं काय करता, ताई!” एकजण तर रडायला लागली. आई उठली नाही.

“परत सांग,” ती त्या बाईला म्हणाली. “हळू सांग. आम्ही दोघं म्हणतो.”

तिनं एकेक वाक्य सांगितलं आणि आम्ही मायलेकांनी बालवाडीतल्या पोरांसारखं तिच्या मागं म्हटलं.

मी सहा वर्षं कुणाला माझं गाव सांगितलं नाय. माझ्या पोरीला मी रस्त्यात मोठ्यानं हाक मारत नाय. पोरगी शाळेत पहिली येती, पण बक्षिसाच्या फोटोत मी तिला उभी राहू देत नाय. गाणं तेवढं दार लावून म्हणत होते. ताईनं शब्द दिला होता म्हणून एकदा बाहेर म्हटलं. आता मला जागा नाय.

ते शेवटचं वाक्य मी तोंडातल्या तोंडात म्हटलं. म्हातारीनं मला ते परत म्हणायला लावलं. नंतर “आता तुझी बाजू सांग” म्हणाल्या, तर माझ्याकडं सांगायला काही नव्हतं.

त्या आठवड्यात मायलेकी शहर सोडून गेल्या. कुठं गेल्या ते मी लिहिणार नाही. आईनं त्यांना नवी खोली बघून दिली, पोरीचा दाखला तिकडं नेला, मशीन पोहोचवलं. बायांना गाणं म्हणायला लावणं मात्र तिनं थांबवलंय. मी म्हटलं, थांबवू नकोस, आवाज भरून घेऊ नकोस फक्त. ती म्हणाली, “आता कुठल्या तोंडानं सांगू तुझा आवाज बाहेर जाणार नाही म्हणून?” रेकॉर्डिंगं मी एकेक करून शेवटपर्यंत ऐकायला घेतली आहेत, आई शेजारी बसते. रोज एखाद्याच्या पुढं जमत नाही.

चार महिन्यांनी आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. बाई जरा सावरली होती, शिवणकाम मिळायला लागलं होतं. चहा ठेवला तिनं. आई पोरीच्या शाळेचं विचारत होती. तेवढ्यात बाई माझ्याकडं वळून, जरा संकोचून म्हणाली, “दादा, एक विचारू का? तुम्हाला गाण्यातलं कळतं.”

“विचारा की.”

“ते ‘कापसात’ म्हणताना मी चुकते का?”

मला कळेना. “का हो? असं कोण म्हणालं?”

“हीच. रात्री म्हणाया लागले की मला थांबवती. म्हणती, आई, तुझं चुकतंय, मोबाइलात असं नाय.”

‘कापसात’च्या शेवटी तिचा सूर थोडा खाली घसरायचा. पेटीच्या कुठल्याच पट्टीत तो बसत नव्हता, म्हणून मी तो कॉम्प्युटरवर ओढून सरळ केला होता. एका बटणाचं काम होतं ते. मी तेव्हा त्याकडं दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नव्हतं.

“तुम्ही बरोबर आहात,” मी म्हणालो. “चूक मी केलीय. तुमचंच बरोबर आहे.”

“मग तेवढं पोरीला सांगा,” ती म्हणाली. “माझं ऐकत नाय ती.”

पोरगी खिडकीपाशी गृहपाठ करत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सांगितलं, की आई म्हणते तेच खरं गाणं, मोबाइलातलं चुकलेलं आहे. तिनं माझ्याकडं नवलानं बघितलं.

“पण काका, ते तर तुमचंच गाणं आहे ना?”

“नाही गं. तुझ्या आईचं आहे. तुझ्यासाठीच केलंय तिनं.”

मोठी माणसं उगाच काहीतरी बोलतात तेव्हा पोरं मान हलवतात, तशी तिनं मान हलवली. मग वहीत डोकं घातलं आणि लिहिता लिहिता गुणगुणायला लागली, मी केलेल्या चालीत.